‘ग्लोरियस’ला ‘नोटोरियस’ जोडण्याआधी

वाचकांचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका लहान मुलांना इंग्रजी शिकवतात. वर्गासाठी आणि शाळेतल्या समारंभांसाठी छोट्या इंग्रजी कविता रचण्याची त्यांना आवड आहे. यमक अडले की त्या संगणकावर जुळणाऱ्या शब्दांची यादी काढतात आणि तीतला सोयीचा शब्द उचलतात. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकांच्या निरोपासाठी केलेल्या कवितेत त्यांनी ‘ग्लोरियस’शी जुळतो म्हणून ‘नोटोरियस’ हा शब्द योजला. त्याचा अर्थ ‘फार प्रसिद्ध’ असावा, असे त्यांना वाटले होते. तो ‘कुप्रसिद्ध’ असा आहे, हे एका सहकाऱ्यांनी कार्यक्रम झाल्यावर सांगितले, आणि कवितेतले ‘कम’ व ‘होम’ हे तर यमकच नव्हे, असेही ऐकवले. तेव्हापासून त्या यमकांच्या याद्या मराठी अर्थांसह पाठ करत आहेत, पण त्या लक्षात राहत नाहीत. अशातच वर्गातल्या एका मुलाने ‘पुट’ आणि ‘बट’ यांचे यमक का जुळत नाही, असे विचारले आणि त्यांना उत्तर देता आले नाही. भरवशाची यादी कोणती, अर्थ लक्षात कसे ठेवावेत, ‘मंथ’ या शब्दावर अडलेली नव्या कवितेची ओळ कशी सोडवावी आणि मातृभाषा इंग्रजी नसलेल्याने मुळात या वाटेला जावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

प्रिय वाचक भगिनी,

सप्रेम नमस्कार. गौरवासाठी वापरलेला शब्द निंदेचा होता, हे टाळ्या वाजून गेल्यावर कळणे किती बोचले असेल, ते तुमच्या पत्रात पदोपदी जाणवते. म्हणून आधी त्या शब्दाविषयीच लिहिते. ‘नोटोरियस’ म्हणजे ‘प्रसिद्ध’ असावे, हा तुमचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. मूळ लॅटिन शब्दाचा रोख ‘सर्वांना ठाऊक असलेला’ असाच आहे आणि इंग्रजीतही पूर्वी तो बऱ्या-वाईट दोन्ही बाबतींत वापरला जात असे; पुढे मात्र वाईट गोष्टींसाठी ओळखल्या जाणाऱ्यांनाच तो लागू लागला. म्हणजे अर्थाच्या उंबरठ्यापर्यंत तुम्ही पोहोचला होता. त्या शब्दाचा आजचा कल तेवढा तुम्हाला कोणी सांगितला नव्हता. मुख्याध्यापिकांना कवितेची दुरुस्त प्रत पाठवा आणि सोबत एका वाक्यात खुलासा करा. लांबलचक क्षमायाचनेने एका शब्दाची चूक उगाच मोठी होईल.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू. त्या सर्वांच्या मुळाशी मला एकच गृहीत दिसते. यमक म्हणजे कुठेतरी आधीच तयार असलेली शब्दांची जोडी, आणि ज्याला अशा जोड्या जास्त पाठ तो यमकात पटाईत, असे तुम्ही धरून चालला आहात. मला हे गृहीत मान्य नाही, कारण तुमच्या दोन्ही चुका शब्दसंग्रह कमी पडल्यामुळे झालेल्या नाहीत. ‘कम’ आणि ‘होम’ हे शब्द तुम्हाला लहानपणापासून येतात. तिथे डोळ्यांनी फसवले. दोन्हींच्या शेवटी ओ-एम-ई ही अक्षरे पाहिली आणि कानाला विचारायचे राहून गेले. ‘नोटोरियस’च्या वेळी कान बरोबर होता, पण अर्थाला विचारायचे राहिले. यादी कितीही मोठी केली, तरी ही दोन कामे ती तुमच्यासाठी करू शकत नाही.

यादी ते का करू शकत नाही, हे तिच्या घडणीवरून कळते. इंग्लंडमधील जॉन वॉकर यांनी 1775 साली यमकांसाठी कोश केला, तेव्हा त्यांनी शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे वाचून क्रमाने लावले होते. त्यामुळे सारखे शेपूट असलेले शब्द एकाखाली एक आले. परंतु शेपूट लेखनाचे होते, उच्चाराचे नव्हे. आजची संगणकावरची साधने याच्या पुढे गेली आहेत. त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश असतो. त्यात 1,34,000 हून अधिक नोंदी आहेत आणि प्रत्येक शब्दाचे ध्वनी 39 चिन्हांत मांडून कोणत्या स्वरावर आघात, म्हणजे उच्चारात जोर, येतो, तेही आकड्याने दाखवले आहे. संगणक त्या आघातयुक्त स्वरापासून पुढचे ध्वनी ताडून पाहतो आणि जुळणारे सगळे शब्द तुमच्यापुढे ओततो. त्या कोशात अर्थ नाहीत, आडनावे मात्र भरपूर आहेत. यादीत कधी न ऐकलेले विचित्र शब्द दिसतात, ते पुष्कळदा आडनावेच असतात. शिवाय त्यातला उच्चार उत्तर अमेरिकेतला आहे. ‘कारकून’ या अर्थाचा शब्द ब्रिटिश उच्चारात ‘क्लार्क’ होऊन ‘डार्क’ आणि ‘पार्क’च्या पंगतीला बसतो, अमेरिकन उच्चारात तो ‘क्लर्क’ होऊन ‘वर्क’शी जुळतो. वर्णमालेचे शेवटचे अक्षर ‘झेड’ म्हटले तर ‘बेड’शी आणि ‘झी’ म्हटले तर ‘ट्री’शी जमते. तेव्हा यादी कोणतीही वापरा, पण आपली कविता कोणत्या उच्चारात म्हटली जाणार आहे, हे आधी ठरवा आणि संपूर्ण कवितेत तोच उच्चार पाळा.

इंग्रजीत यमक नेमके कोठे सुरू होते, याबद्दल मराठी कानाची थोडी फसगत होते. आपल्याकडे ओवीपासून आर्येपर्यंत ओळीच्या शेवटची अक्षरे सारखी आली की यमक साधले, असे आपण मानतो. इंग्रजीत मोजणी शेवटच्या अक्षरापासून होत नाही, तर शब्दातल्या शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून होते. त्या स्वरापासून शब्दाच्या अखेरीपर्यंत सर्व ध्वनी तेच हवेत आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र वेगळे हवे. ‘हॅपी’ आणि ‘सिटी’ यांचा शेवट ईकारान्त असला, तरी इंग्रजी कानाला ते यमक लागत नाही, कारण आघात पहिल्या स्वरावर आहे आणि तिथे ‘ॲ’ व ‘इ’ वेगळे आहेत. ‘सिटी’ला ‘पिटी’ हवे आणि ‘हॅपी’ला ‘स्नॅपी’. ‘नेशन’ आणि ‘मोशन’ जुळत नाहीत, ‘नेशन’ आणि ‘स्टेशन’ जुळतात, तसेच ‘मोशन’ आणि ‘ओशन’. ‘वॉकिंग’ आणि ‘सिंगिंग’ यांना केवळ ‘इंग’च्या जोरावर एकत्र बसवता येत नाही; ‘वॉकिंग’ला ‘टॉकिंग’ लागते. तुम्हाला नेहमी लागणारा ‘टीचर’ हा शब्द घ्या. त्याला ‘फादर’ चालणार नाही; ‘क्रीचर’, ‘फीचर’ आणि ‘प्रीचर’ चालतील. आधीचे व्यंजन वेगळे हवे, ही अटही विसरू नका. रात्र या अर्थाचा ‘नाइट’ आणि सरदार या अर्थाचा ‘नाइट’ यांची जोडी इंग्रज कवी चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, खपून गेली असती. आज ती शब्दाची पुनरुक्ती वाटते.

तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याला खरे उत्तर मिळायला हवे. ‘पुट’ आणि ‘बट’ यांतील यू हे अक्षर एके काळी एकाच स्वराचे होते. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधील बोलीत तो ऱ्हस्व ‘उ’ बहुतेक शब्दांत ‘अ’कडे सरकला. प, ब, फ यांसारख्या ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांनंतर मात्र काही शब्दांत तो जागचा हलला नाही. ‘पुट’, ‘पुल’, ‘बुल’, ‘फुल’ आणि ‘बुश’ हे ते मागे राहिलेले शब्द. इंग्लंडच्या उत्तर भागात हा बदल झालाच नाही, म्हणून तिथल्या अनेकांच्या तोंडी आजही ‘पुट’ आणि ‘बट’ यांचे यमक जुळते. मुलाला सांगा की त्याची शंका योग्य आहे, आणि तो योग्य प्रदेशात जन्मला असता तर त्याच्या तोंडी ते यमक जुळलेही असते.

लेखन आणि उच्चार यांची ताटातूट याच सुमाराची आहे. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला आणि पुढच्या काळात छापील लेखन हळूहळू स्थिरावत गेले. त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर मात्र एकामागून एक जागा बदलत होते. शेक्सपिअरच्या 1609 साली छापलेल्या सुनीतांत ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ हे यमक म्हणून येतात. त्या काळी या दोन शब्दांचे उच्चार आजच्यापेक्षा एकमेकांच्या जवळ होते, असे अभ्यासक मानतात. आज ते केवळ डोळ्यांचे यमक उरले आहे. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांची गोष्ट तर प्रत्येक इंग्रजी शिक्षकाने फळ्यावर एकदा मांडावी अशी आहे. हीच अक्षरे ‘टफ’मध्ये ‘स्टफ’शी जुळतात, ‘कॉफ’मध्ये ‘ऑफ’शी, ‘दो’मध्ये ‘गो’शी, ‘थ्रू’मध्ये ‘ब्लू’शी आणि झाडाची फांदी या अर्थाच्या ‘बाउ’मध्ये ‘काउ’शी. कंगवा, थडगे आणि बॉम्ब या तिघांच्या शेवटी ओ-एम-बी असूनही एकाचा उच्चार ‘कोम’, दुसऱ्याचा ‘टूम’ आणि तिसऱ्याचा ‘बॉम’ होतो. उलट ‘रेन’, ‘ट्रेन’, ‘लेन’, ‘प्लेन’, राज्य करणे या अर्थाचा ‘रेन’ आणि शीर या अर्थाचा ‘व्हेन’ या सर्वांचे लेखन एकसारखे नसले, तरी ध्वनी एकाच कुळातला आहे.

यावर तुमच्याजवळ एक साधन आहे, जे इंग्रज मुलांजवळ नाही, ते म्हणजे देवनागरी. यमक तपासायचे असेल तेव्हा दोन्ही शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. ‘कम’ आणि ‘होम’ लिहिताच फरक उघडा पडतो, आणि ‘कम’ला ‘ड्रम’, ‘थम’, ‘सम’ हे सोबती आपोआप आठवतात. तथापि या साधनाच्या मर्यादा जाणून घ्या. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींसाठी आपण बोलताना एकच ‘व’ काढतो, त्यामुळे बंडी आणि पश्चिम दिशा हे इंग्रजीतले शुद्ध यमक आपल्या तोंडी ‘वेस्ट-वेस्ट’ असे एकच होऊन बसते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद आपण लिहितो, पण घाईत पाळत नाही. सर्वांत जास्त गोंधळ शेवटच्या एस या अक्षराचा होतो. अनेकवचनाचा एस बहुतेक वेळा ‘स’ नसून ‘झ’ असतो. म्हणून ‘ट्रीझ’ हा शब्द ‘ब्रीझ’शी जुळतो, शांतता या अर्थाच्या ‘पीस’शी नाही. ‘आइस’ आणि ‘आइझ’ची तीच गत. आघात तर देवनागरीत दिसतच नाही. म्हणून देवनागरीत लिहून झाल्यावर शब्दकोशातील ध्वनिमुद्रित उच्चार ऐकावा आणि तो मोठ्याने म्हणून पाहावा.

अर्थाचा मुद्दा मी मुद्दाम नंतर घेतला, कारण माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. याद्या पाठ का होत नाहीत, असे तुम्ही विचारता. ‘प्लाइट म्हणजे दुर्दशा, ब्लाइट म्हणजे पिकांवरील रोग, स्प्राइट म्हणजे परी, ट्राइट म्हणजे गुळगुळीत झालेले’ असे शब्द एका रांगेत आले, तर त्यांना मनात रुजायला आधारच नसतो. त्यांच्यात समान आहे तो फक्त ध्वनी, आणि नेमका तोच त्यांची गल्लत घडवतो. उद्या चांदण्या रात्रीवर लिहिताना ‘नाइट’ला जोड म्हणून ‘ब्लाइट’ समोर आला, तर त्यात ‘लाइट’ ऐकू येतो म्हणून तो प्रकाशाचाच एखादा प्रकार वाटण्याची शक्यता फार आहे. कोणताही नवा शब्द कवितेत घेण्याआधी तो कवितेबाहेरच्या एका साध्या वाक्यात वापरून पाहा. तसे वाक्य तुम्हाला स्वतःहून करता आले नाही, तर तो शब्द अजून तुमचा झालेला नाही आणि कविता ही त्याची पहिली परीक्षा घेण्याची जागा नव्हे.

दुसरे असे की, मराठी प्रतिशब्दावर समाधान मानू नका. ‘गॉन्ट’ म्हणजे ‘सडपातळ’ इतकेच टिपून ठेवले आणि ‘हॉन्ट’शी जुळते म्हणून कोणाच्या वर्णनात घातले, तर तुम्ही त्या व्यक्तीला आजाराने किंवा उपासमारीने खंगलेली ठरवाल. ‘क्रीचर’ म्हणजे प्राणी हे खरे, पण माणसाला तसे म्हणताना त्यात कीव किंवा तुच्छता येऊ शकते. ‘प्रीचर’ म्हणजे धर्मोपदेशक. शिक्षकाला तसे म्हटले तर ते उपदेशाचे डोस पाजतात, असा टोमणा निघेल. ही माहिती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशात मिळते. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे सहकारी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांच्या अडचणी रोज पाहून त्यांनी असा कोश तयार केला, तो 1942 साली जपानमध्ये निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने जगभर नेला. या जातीच्या कोशांत शब्दापुढे ‘नापसंतीदर्शक’, ‘जुनाट’, ‘साहित्यिक’, ‘अपमानकारक’ अशा अर्थाच्या खुणा असतात आणि उदाहरणवाक्ये असतात. ‘नोटोरियस’खालची उदाहरणवाक्ये वाचली असती, तर गुन्हेगारांसारखी सोबत पाहून तुम्ही लगेच थांबला असता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच: भरवशाची एकच यादी शोधण्यापेक्षा कोणतीही एक यादी आणि असा एक कोश शेजारी शेजारी उघडे ठेवा, आणि यादीतला प्रत्येक शब्द कोशातून पार झाल्याशिवाय कवितेत घेऊ नका.

एकच लेखन आणि दोन उच्चार असलेले शब्द विशेष जपून वापरावेत. टी-ई-ए-आर म्हणजे अश्रू असेल तर ‘टिअर’, तो ‘फिअर’शी जुळतो, फाडणे असेल तर ‘टेअर’, तो ‘बेअर’शी जुळतो. डब्ल्यू-आय-एन-डी म्हणजे वारा असेल तर ‘विंड’ आणि गुंडाळणे असेल तर ‘वाइंड’. शिसे या अर्थाचा ‘लेड’ आणि नेतृत्व करणे या अर्थाचा ‘लीड’, जवळ या अर्थाचा ‘क्लोस’ आणि बंद करणे या अर्थाचा ‘क्लोझ’, हेही तसेच. इथे अर्थ कळल्याशिवाय यमकच ठरत नाही.

यादीऐवजी एक वही घाला. पान ध्वनीच्या नावाने उघडा, उदाहरणार्थ ‘आइट’, ‘एन’, ‘ई’, ‘ओ’. त्या ध्वनीच्या आधी एकेक व्यंजन आणि मग जोडव्यंजने लावत जा: ब, ब्ल, ब्र, क, क्ल, क्र, ड, ड्र, फ, फ्ल असे करत थेट स्ट्र आणि थ्र पर्यंत. बरेच शब्द तुमचे तुम्हालाच सापडतील आणि सापडतील ते ओळखीचे असतील. यादी त्यानंतर उघडा. वहीत प्रत्येक शब्दापुढे तुमचे स्वतःचे एक वाक्य आणि शब्दाचा कल, म्हणजे स्तुती, निंदा की साधी माहिती, एवढेच लिहा. ज्या शब्दाचे वाक्य झाले नाही, तो वहीत चढवू नका. अशी वही सावकाश भरेल, पण भरलेली राहील.

आता रचनेकडे येऊ. निरोपाच्या कवितेत खरी अडचण ‘नोटोरियस’ने केली नाही, ‘ग्लोरियस’ने केली. ओळीच्या शेवटी तो शब्द बसवताच तुमच्यापुढे ‘व्हिक्टोरियस’ म्हणजे विजयी, ‘लेबोरियस’ म्हणजे कष्टप्रद, ‘अपरोरियस’ म्हणजे हास्याच्या गदारोळाचे, ‘मेरिटोरियस’ म्हणजे प्रशंसनीय आणि तो ‘नोटोरियस’, एवढीच मंडळी उरली. त्यांतला ‘मेरिटोरियस’ अर्थाने चालला असता, पण तो प्रशस्तिपत्रातला शब्द आहे, प्रेमाने निरोप देतानाचा नाही. ओळ ‘इयर्स’ या शब्दावर संपवली असती, तर ‘चिअर्स’ म्हणजे जयघोष, ‘टिअर्स’ म्हणजे अश्रू, ‘फिअर्स’ म्हणजे धास्ती आणि ‘अपिअर्स’ म्हणजे दिसते, असे निरोपाच्या प्रसंगाला साजेसे सोबती हाताशी आले असते. म्हणून ओळीच्या शेवटी कोणता शब्द ठेवायचा, हे लिहायला बसतानाच ठरवावे आणि ज्याचे गोत मोठे आहे असा शब्द निवडावा.

इंग्रजीत काही अत्यंत प्रिय शब्द यमकाच्या बाबतीत दरिद्री आहेत. ‘लव्ह’ला ‘अबव्ह’, ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’ आणि ‘शव्ह’ एवढेच नित्याचे सोबती. म्हणूनच प्रेमाच्या गीतांत वरचे आकाश आणि कबूतर इतक्या वेळा भेटतात. ‘वर्ल्ड’ला बहुतेक भूतकाळी क्रियापदे मिळतात: ‘कर्ल्ड’, ‘हर्ल्ड’, ‘स्वर्ल्ड’, ‘अनफर्ल्ड’. ‘सिल्व्हर’ला ‘चिल्व्हर’ आणि ‘पर्पल’ला ‘हर्पल’ असे शब्द शोधून काढता येतात, परंतु पहिल्याचा अर्थ मेंढीचे मादी कोकरू आणि दुसऱ्याचा अर्थ लंगडत चालणे. दोन्ही इतके दुर्मिळ आहेत की मुलांच्या कवितेत ते कोडेच ठरतील. आणि तुमच्या ‘मंथ’ला तर नित्याच्या इंग्रजीत पूर्ण यमक नाहीच. तुम्ही शोधण्यात कमी पडत नाही आहात. अशा शब्दाला ओळीच्या टोकावरून उचलून आत न्यावे. दर महिन्याला मुले काहीतरी नवे शिकतात, असे तुम्हाला म्हणायचे आहे ना? मग ‘एव्हरी मंथ वी लर्न टु प्ले, अँड प्ले टु लर्न अलाँग द वे’ असे काही करता येईल. अर्थ जागेवर राहिला, ‘मंथ’ही राहिला, आणि टोकाला ‘प्ले’ आल्यामुळे ‘डे’, ‘से’, ‘वे’, ‘स्टे’, ‘टुडे’ अशी मोठी गर्दी मदतीला आली. हा केवळ नमुना आहे. तुमची ओळ याहून चांगली होईल.

यमकासाठी वाक्याची मोडतोड करण्याचा मोह मात्र आवरा. ‘टु स्कूल आय गो’ किंवा ‘आय डिड सिंग’ अशा ओळी केवळ शेवटचा शब्द टोकाला यावा म्हणून जन्माला येतात आणि मुले तेच वाक्य खरे इंग्रजी समजून उचलतात. ओळ लिहून झाली की ती गद्यासारखी वाचा. सरळ बोलताना कोणी असे म्हणणार नाही, असे वाटले तर यमक सोडा, वाक्य सोडू नका. जोडीतला एक शब्द थोडा ओढूनताणून आलेला असेल, तर त्याला आधीच्या ओळीत ठेवा आणि सहज आलेला शब्द नंतरच्या ओळीत. ऐकणाऱ्याचा कान दुसऱ्या शब्दाची वाट पाहत असतो, त्यामुळे तो सहज आला की दोन्ही ओळी सहज झाल्यासारख्या वाटतात. या एका अदलाबदलीने किती कविता सुधारतात, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

मातृभाषा इंग्रजी नसलेल्याने इंग्रजीत यमक जुळवावे का, या प्रश्नात मला तुमचा दुखावलेला आत्मविश्वास दिसतो. ज्या कोशांविषयी वर लिहिले, त्यांतला यमकांचा कोश इंग्रजांनी इंग्रजांसाठीच केला होता. यमक शोधावे लागणे हे परकेपणाचे लक्षण असते, तर त्याची गरजच पडली नसती. शिवाय इंग्रजीत यमकाची टंचाई इंग्रजी भाषिकांनाही जाणवते, कारण इटालियनसारखी स्वरान्त प्रत्ययांची रेलचेल तिच्यात नाही. मिल्टनने 1667 साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्यात यमक मुद्दाम टाकून दिले. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी अर्धवट जुळणारी यमके जाणीवपूर्वक वापरली. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात व्यंजने तीच ठेवून स्वर बदलण्याची रीत हाताळली. ‘हॉल’ आणि ‘हेल’ ही त्यातली जोडी. हे सर्व मार्ग तुम्हालाही खुले आहेत. फक्त लहान मुलांच्या कवितांत पूर्ण यमकच ठेवा, असा माझा आग्रह राहील, कारण त्या वयात यमक हे कानाचे शिक्षण असते. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की वाचायला शिकण्यापूर्वी ज्या मुलांना सारखे ध्वनी ओळखता येत होते, ती पुढे वाचनात आणि शब्दलेखनात सरस ठरली. आणि ध्वनींबरोबर अक्षरेही दाखवून शिकवले, तेव्हा अधिक फायदा झाला.

म्हणून तुमच्या वर्गासाठी एक सुचवते. ओ-एन-ई या अक्षरांनी संपणारे ‘वन’, ‘डन’, ‘गॉन’ आणि ‘बोन’ हे चार शब्द फळ्यावर इंग्रजी लिपीत लिहा आणि मुलांना डोळे मिटून ते ऐकायला सांगा. कोणते दोन जुळले, हे त्यांनी हात वर करून सांगावे, आणि मगच डोळे उघडून फळा पाहावा. नंतर ‘बोन’चे सोबती त्यांच्याकडूनच घ्या: ‘स्टोन’, ‘फोन’, ‘लोन’, ‘ग्रोन’. ‘लोन’ म्हणजे कर्ज आणि ‘ग्रोन’ म्हणजे कण्हणे, हे तुम्ही सांगण्याआधी ज्याने शब्द सुचवला त्यालाच त्याचे वाक्य करायला सांगा. वाक्य झाले तर शब्द फळ्यावर जाईल. नाही झाले तर सर्वांनी मिळून तो शब्दकोशात शोधावा.

तुमची,
सदरलेखिका